चौदा दिवसांच्या बोलीवर

पावती अजून आहे. स्वरलिपीच्या वहीत, शेवटच्या पानाशी.
चौदा दिवसांत परत केलं तर पूर्ण पैसे.
आज तेरा झाले.
तार्तूत मार्च सरत आलाय, एमायोगीवरचा बर्फ
पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतोय,
आणि मी पेन्सिलीनं कोऱ्या पानाच्या मधोमध रेघ ओढलीय:
इकडे राहू दे, तिकडे जाऊ दे.

राहू दे,
कारण पहिल्या आठवड्यात त्यानंच सांगितलं
की रात्री तीन वाजता मी झोपलेली नसते.
मला वाटायचं, झोपते.
राहू दे, कारण डॉक्टर वाहेरनं आलेख पाहून
एक गोळी अर्ध्यावर आणली.
राहू दे, कारण ताव्होनं दिलंय.
मुलगा हेलसिंकीत लिफ्ट दुरुस्त करतो,
फोनवर तीन वाक्यांचा धनी,
पण रोज रात्री तिकडून माझी पावलं बघतो
आणि एक अंगठा पाठवतो.
अंगठा तर अंगठा.

जाऊ दे,
कारण ते खोटं बोलतं.
मंगळवारी तालमीला मी दोन तास एका फळीवर उभी.
हलत होते ते हात:
चाळीस गळे, तीनचा ठेका,
आल्टोंना वर उचलायचं, बासांना थोपवून धरायचं.
तर हे म्हणतं, दहा हजार पावलं, शाब्बास!
मनगटावर थरथरून फटाके उडाले
ऐन त्या विरामात,
जिथे चाळीस माणसं श्वास धरून होती.
बासांतला उर्मास फिस्सकन हसला.
विराम गेला. तो परत मिळत नाही,
पावती असली तरी.

आणि बुधवारी
आईला चाकाच्या खुर्चीतून नदीकाठानं नेलं,
बाजारापासून कमानी पुलापर्यंत, आणि मागे.
फरसबंदीवर चाकं अडत होती, छातीचा भाता झालेला,
हात मुठींवर घट्ट, म्हणून न हललेले.
पावलं: एकशे अकरा.
वर आगाऊ सल्ला: बसून फार वेळ झाला, जरा उठा.

उठा!
मी भर रस्त्यात थांबून त्याला
दक्षिणेकडच्या आमच्या बोलीत एक शिवी हासडली.
आईला ती कळली. कित्येक दिवसांनी काही कळलं.
खुदकन हसली.

(हे रेघेच्या कुठल्या बाजूला लिहू?)

मग तिनं माझा हात ओढून घेतला.
हेल्यू, माझी आई,
अठ्ठावीस वर्षं खेड्याखेड्यांतून सायकलवर फिरलेली;
दाई म्हणा, परिचारिका म्हणा,
डॉक्टरच्या आधी पोचणारी बाई.
माझं नाव तिला आता सापडत नाही.
पण तिची बोटं पट्ट्याला अडखळली,
त्यांनी तो इंचभर वर सारला
आणि नेमकी नाडीवर जाऊन बसली.
नजर कोटाच्या छातीशी गेली,
जिथे पूर्वी उलटं घड्याळ लटकायचं.
ओठ हलू लागले.
एकवीस, बावीस…
चाळिशीच्या अलीकडे आकडे सांडले.
पुन्हा एकपासून.
पुन्हा.
वर सरकलेल्या पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकत होता,
त्याच्याकडे आकडा केव्हाचा तयार: एकशे चार.
तिला शेवटपर्यंत मिळाला नाही.
तरी तिनं मान डोलावली, म्हणाली,
"धावत आलीस वाटतं. बस जरा."

आम्ही बसलो. नदीतून एक तुकडा वाहत गेला,
त्यावर एक कावळा, फुकटचा उतारू.

तर आज तेरा झाले. रेघ तशीच आहे,
एका बाजूला काही ओळी, दुसरीकडे जरा जास्त,
खोडलेल्या धरल्या तर उलट.
दुकान सहाला बंद होतं. सव्वापाच वाजता मी
पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल केला
आणि घोट्यावर बांधला, लोकरी मोज्याच्या आत.
तिथून त्याला खुर्चीमागची वाट मोजता येईल,
आणि तालमीत फटाके उडालेच तर बुटात उडोत.
ताव्होलाही अंगठ्यासाठी काही निमित्त हवं.

डावं मनगट आता मोकळं आहे.
पट्ट्याचा लालसर वळ तेवढा राहिलाय,
बोटं कुठे ठेवायची ते सांगणारा.